उजवीकडचं बटण

आधी तो चहा संपवा. तोंडात चहा असताना हे ऐकलंत तर तो नाकातून बाहेर येईल आणि मग मलाच शिव्या द्याल. गोष्ट माझ्याच मूर्खपणाची आहे, तेव्हा हसायला पूर्ण परवानगी आहे. फक्त आमच्या आईसमोर विषय काढू नका. ती हीच गोष्ट माझ्यापेक्षा छान सांगते, आणि तिच्या गोष्टीत मी आणखी मोठा गाढव असतो.

आम्ही आगाशीचे. घरामागे आमची वाडी आहे. केळी, थोडी पानवेल, दहा-बारा झाडं चाफ्याची. बाबा मी लहान असतानाच गेले. घरात आई, सुहासदादा आणि मी. दादा हुशार. मी नववीपर्यंत. म्हणजे नववीत गेलो होतो हे नक्की, बाहेर कसा आलो ते विचारू नका. शाळेला कुंपणाची भिंत होती आणि मला उडी मारता यायची, एवढंच सांगतो.

दादा विरारला एका दुकानात कंप्युटर दुरुस्त करायचा. लोकांनी टाकून दिलेले भाग आणून आणून त्याने घरी एक कंप्युटर जोडला. डबा एकाचा, स्क्रीन दुसऱ्याची, कीबोर्ड तिसऱ्याचा आणि माउस असा, की पुढे ढकलला की बाण मागे जायचा. सगळं यंत्र इतकं म्हातारं, की नेहमीची कुठलीच सिस्टीम त्यावर चालेना. मग दादाने लिनक्स नावाच्या दुसऱ्या सिस्टीमची एक सीडी आणली, अगदी हलकीफुलकी. सीडी आत घातली की कंप्युटर तिच्यावरूनच चालायला लागायचा. ती का, कशी, काय, हे दादा मला तासभर समजावून सांगायचा.

मी ऐकायचो का? छे! मला फक्त पत्ते खेळायचे असायचे त्यावर.

त्या सगळ्या शिकवणीतलं एकच वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. दादा म्हणाला होता, "मन्या, बंद करताना ती काहीतरी विचारेल. तू वाचत बसू नकोस. डोळे मिटून उजवीकडचं बटण दाब."

आयुष्यात मी दादाचं एवढं एकच ऐकलं. आणि तेच नडलं बघा!

गेल्या आषाढात दादाला कावीळ झाली. बारा दिवस. सव्वीस वर्षांचा होता. यावर मी आणखी काही बोलणार नाही, कारण मी तुम्हाला हसवायला बसलोय.

दहाव्याला आम्ही सगळे समुद्रावर गेलो. पिंड ठेवला. कावळे किती? निदान पन्नास! पण एकही पुढे येईना. आता तुम्हाला माहीतच आहे, गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही. मग काय, सगळ्यांनी हात जोडून शब्द द्यायला सुरुवात केली.

आमचे नानाकाका, बाबांचे धाकटे भाऊ, खणखणीत आवाजात म्हणाले, "सुहास, वहिनीला काही कमी पडू देणार नाही!"

कावळे ढिम्म.

कुंदाआत्या रडत म्हणाली, "सुहास, मन्याची काळजी करू नकोस. मी बघेन त्याच्याकडे."

एक कावळा चक्क दोन पावलं मागे सरकला. खोटं नाही सांगत. आत्या इतक्या वर्षांत माझ्याकडे ज्या नजरेने बघत आली, ती त्यालाही माहीत असावी.

ऊन चढलं. वाळू तापली. गुरुजी एकसारखे घड्याळ बघायला लागले. आणि माझ्या तोंडातून एकदम निघून गेलं, "दादा, तुझा कंप्युटर मी घराबाहेर जाऊ देणार नाही!"

का बोललो कोणास ठाऊक. मी आधी बोलतो आणि मग विचार करतो, तोही वेळ मिळाला तर. पण कावळा आला हो! तडक आला, पिंडाला चोच मारली आणि उडाला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. माझ्या मात्र गळ्यात तो कंप्युटर पडला.

आता पुढचे पाच महिने सोडून द्या. आईने कंप्युटरवर दादाचा पंचा टाकून ठेवला होता आणि ती त्या कोपऱ्याकडे बघायचीसुद्धा नाही. केर काढतानाही तोंड फिरवून काढायची. मीही हात लावला नव्हता.

पाचव्या महिन्याच्या मासिक श्राद्धाला जेवणं झाल्यावर नानाकाका पान लावत म्हणाले, "वहिनी, तो डबा उगाच धूळ खातोय. आमचा दर्शन कॉलेजात आहे. शिकणाऱ्या पोराच्या उपयोगाला येईल. नेऊ का?"

"मन्या चालवतो तो," आई म्हणाली. माझ्यासाठी आई खोटंही बोलते.

काकांना ठसका लागला. "मन्या? वहिनी, त्यात सगळं इंग्रजी असतं. ह्याला स्वतःचं नाव इंग्रजीत लिहायला सांगा आधी."

झालं! माझं डोकं फिरलं. "इंग्रजी कशाला? मराठीत चालवून दाखवतो!"

"मराठीत?"

"हो! अख्खा कंप्युटर मराठीत करून दाखवतो. पुढच्या मासिकाला या सगळे!"

"आणि नाही झालं तर?"

"तर घेऊन जा!"

बोललो, आणि मग दहाव्याचा कावळा आठवला. पण काकांनी तोवर हातावर हात मारला होता. "ठरलं. सहाव्या मासिकाला दर्शन टेम्पो घेऊन येईल."

बघा माझी अक्कल. एक शब्द मेलेल्या भावाला दिलेला आणि दुसरा जिवंत काकाला. दोन्ही एकाच डब्यावर.

दुसऱ्या दिवशी आई वाडीत गेल्यावर पंचा काढला, सीडी घातली. सगळं इंग्रजी आलं. मी बटणं दाबत सुटलो. कुठे आत गेलो, कुठे बाहेर आलो, मला विचारू नका. चार दिवस हेच. मधेच एकदा स्क्रीन आडवी झाली होती, मी मान वाकडी करून ती सरळ केली. पाचव्या दिवशी भाषांची एक लांबलचक यादी सापडली. जगात इतक्या भाषा आहेत आणि शाळेत मला तीनच जमल्या नाहीत याचं मला त्या दिवशी बरं वाटलं. खाली, खाली, आणखी खाली आणि तिथे चक्क आपल्या अक्षरात लिहिलेलं, 'मराठी'.

दाबलं. स्क्रीन काळी झाली. परत आली. आणि मधोमध अक्षरं उमटली:

'थांब जरा. उगाच बटणं दाबू नकोस.'

माझ्या अंगावर काटा आला. अहो, हे वाक्य दादाचं! शब्द तेच, तो 'जरा'सुद्धा तिथेच. मी स्टुलावरून उठून भिंतीला टेकलो. मग हळूच म्हणालो, "दादा?"

कंप्युटर घरघरत होता. थोड्या वेळाने वाक्य गेलं आणि यादी आली. 'लिहायचं.' 'चित्रं.' 'खेळ.' 'बंद कर.' मधे मधे काही इंग्रजीही राहिलं होतं, पण मुख्य मुख्य सगळं मराठी. आणि तेव्हा मला कळलं, की कीबोर्डच्या बटणांवर दादाने बारीक कागद चिकटवून क, ख, ग का लिहून ठेवले होते. ते दाबले की मराठी उमटत होतं!

मी काय केलं सांगू? स्क्रीनला नमस्कार केला. मग 'बंद कर' दाबलं. कंप्युटरने खाली चौकट काढून काहीतरी विचारलं, मी न वाचता उजवीकडचं बटण दाबलं. शिकवलेलं आहे, साहेब!

दुसऱ्या दिवशी चालू केला, तर इंग्रजी.

म्हटलं, नीट दाबलं गेलं नसेल. परत यादीत गेलो, 'मराठी'वर माउस चांगला रेटून दाबला. मराठी आलं. उजवीकडचं बटण, बंद. दुसऱ्या दिवशी इंग्रजी! तिसऱ्या दिवशी मराठी करून झाल्यावर अर्धा तास तसाच चालू ठेवला, मुरू दे म्हणून. लोणच्यासारखं. बंद केला, चालू केला, इंग्रजी!

तीन आठवडे हेच. मी मराठी करायचो आणि कोणीतरी इंग्रजी करायचं. घरात मी आणि आई. आई त्या कोपऱ्याकडे बघतही नाही. मग करतं कोण? तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर तुमच्या मनात काय आलं असतं?

सहावं मासिक उजाडलं. मी सकाळीच मराठी करून, बंद करून, वरून पंचा टाकून ठेवला. एकदा तरी टिकेल! गुरुजी आले, काका आले, आत्या आली. दर्शन खरोखरच टेम्पो घेऊन आला आणि बाहेर सावलीला लावून त्यातच झोपला. पिंडदान झालं. आईने विहिरीच्या कठड्यावर कावळ्याचं पान ठेवलं, वडे, खीर, सगळं. आणि ती वडे तळायला परत आत गेली.

"कावळा येईस्तोवर तुझं काय ते होऊन जाऊ दे," काका म्हणाले.

मी पंचा असा काढला, जसा नव्या पुतळ्यावरचा काढतात. बटण दाबलं. तीन-चार मिनिटं तो घरघरला. सगळे वाकून बघतायत. आणि आलं.

इंग्रजी.

"अरे वा!" काका म्हणाले. "आमच्या वेळेला मराठी वेगळी असायची."

"थांबा! आत्ता करतो." आता मला यादी तोंडपाठ होती. मराठी केलं. 'थांब जरा. उगाच बटणं दाबू नकोस.' आत्याने ते वाचलं आणि तोंडावर पदर घेतला. "अगं बाई! हा तर सुहास बोलतोय!"

काका जरा चपापले, पण टेम्पोचं भाडं त्यांच्या डोळ्यांसमोर असावं. "आत्ता झालं, मघाशी का नव्हतं? बंद करून चालू कर. तेव्हा राहिलं तर खरं."

बंद केला. खाली चौकट, उजवीकडचं बटण. चालू केला. इंग्रजी.

मला रडू यायला लागलं. त्या भरात मी सगळं सांगून टाकलं. तीन आठवडे कसा रोज बदलतो, रोज कसा परत फिरतो.

आत्या हळू आवाजात म्हणाली, "नाना, मला तर हे कावळ्यासारखंच वाटतंय."

"म्हणजे?"

"शिवत नाहीये. इच्छा राहिलीय त्याची काहीतरी."

तुम्ही हसताय. त्या खोलीत कोणी हसलं नाही. काकांनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजींना पुढे वटार गावात दुसरं काम होतं, पण शास्त्राचा प्रश्न आल्यावर ते काय बोलणार? "ग्रंथात यंत्राचा उल्लेख नाही," ते म्हणाले, "पण नाही असंही कुठे म्हटलेलं नाही."

झालं! शास्त्राधार मिळाला.

आत्या सर्वांत आधी पुढे झाली. कंप्युटरसमोर हात जोडले. "सुहास, तुझ्या आईचा मिक्सर माझ्याकडे आहे. चार दिवसांसाठी नेला होता, दोन वर्षं झाली. उद्याच्या उद्या आणून देते. शीव रे बाबा!"

मी मराठी केलं, बंद केलं, उजवीकडचं बटण, चालू केलं. चार मिनिटं सगळे हात जोडून उभे.

इंग्रजी.

"मिक्सरचं नाहीये," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात थोडा आनंद होता असं मला वाटलं. मग ती काकांकडे वळली. "नाना, विहिरीचं बोल."

"विहिरीचं काय?"

"काय म्हणून विचारतोस? मोटरच्या पेटीला कुलूप कोणी लावलंय?"

आता हे सांगायला हवं. विहीर आमची आणि काकांची सामाईक. मोटरही सामाईक. पण दादा गेल्यावर महिन्याभरात काकांनी पेटीला कुलूप लावलं आणि चावी आपल्या कमरेला. त्यांची वाडी भिजून झाली, की मग आमच्या केळींना पाणी. म्हणजे कधी कधी नाहीच. आई काही बोलली नाही. मी बोललो होतो, पण मी बोललेलं आमच्याकडे धरत नाहीत.

काकांनी घाम पुसला. "ते कुलूप सुरक्षेसाठी आहे."

"कोणापासून?" आत्याने विचारलं. "केळींपासून?"

काकांनी कंप्युटरकडे बघितलं. कंप्युटर घरघरला. मी शपथेवर सांगतो, तो घरघरत असतोच. पण काका दचकले. "बरं बरं! सुहास, कुलूप काढतो! चावी वहिनीकडे देतो. झालं?"

मराठी केलं. बंद. उजवीकडचं बटण. चालू.

इंग्रजी!

आता सगळ्यांची नजर गुरुजींवर गेली. त्यांनी उपरणं सावरलं. "माझा काय संबंध?"

"गुरुजी," काका म्हणाले, "दहाव्याला तुम्ही घड्याळ बघत होतात."

"बघत होतो, म्हणून काय झालं?"

"बोला, गुरुजी. आम्ही बोललो ना?"

गुरुजींनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग खाली मान घालून म्हणाले, "त्या दिवशी दुसरीकडे जायचं होतं. एक पान उलटताना दोन उलटली. आज म्हणून टाकतो." आणि उभ्या उभ्या, कंप्युटरसमोर, त्यांनी राहिलेलं पान खणखणीत म्हटलं. इतकं स्वच्छ त्यांनी बाबांच्या वेळेलाही म्हटलं नसेल.

बंद. उजवीकडचं. चालू. इंग्रजी.

"मग आता राहिलं कोण?" आत्याने विचारलं.

हळूहळू सगळे माझ्याकडे वळले. मला ठाऊक होतं दादाला काय हवं होतं. पाच वर्षं रोज तेच तो मला सांगायचा, कधी गोडीने, कधी चप्पल हातात घेऊन. हॉस्पिटलातही म्हणाला होता. तेव्हा मी म्हटलं होतं, "तू आधी घरी ये, मग बघू."

मी स्टुलावर उभा राहिलो. का, ते विचारू नका. "दादा! मी दहावीला बसतो! बाहेरून बसायचा तो सतरा नंबरचा फॉर्म भरतो! गणितासकट बसतो!"

आत्या रडायला लागली. काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. गुरुजी म्हणाले, "आता शिवणार."

मराठी केलं. बंद. उजवीकडचं बटण. चालू. चार मिनिटं. मी डोळे मिटून घेतले.

"इंग्रजी आहे रे," काका म्हणाले.

गणितसुद्धा त्याला पुरलं नव्हतं! मी स्टुलावरून खाली बसलो आणि लहान पोरासारखा हमसून रडलो. दहाव्याला दिलेला शब्द मोडला होता. दादा माझ्यावर चिडलेला होता. टेम्पो दारात होता.

तेवढ्यात आई आतून आली, हातात झारा. "काय चाललंय काय तुमचं? कावळा केव्हाच जेवून गेला. वडे गार झाले. तुम्ही कोणाची वाट बघताय?"

आम्ही सगळे खिडकीकडे धावलो. कठड्यावर पान रिकामं! खिरीचा थेंब नाही. खरा कावळा आला, पोटभर जेवला, गेला, आणि इकडे चार शहाणी माणसं एका डब्याला हात जोडून उभी.

"वहिनी, ह्यात सुहास आहे," आत्या म्हणाली. "तो मराठी राहू देत नाही."

सहा महिन्यांत पहिल्यांदा आई त्या कोपऱ्यात आली. माझ्या मागे उभी राहिली. "कर बघू काय करतोस ते. माझ्यासमोर."

मी नाक पुसत मराठी केलं. 'बंद कर' दाबलं. चौकट आली. माझा हात उजवीकडे गेला.

"थांब!" आईने माझं मनगट धरलं. आई चौथी शिकलेली. ती अक्षराला अक्षर लावत मोठ्याने वाचते. "जे... के-लं-स... ते... ठे-वू... का... टा-कू?"

आम्ही सगळे वाकलो.

खाली दोन बटणं होती. डावीकडे 'ठेव'. उजवीकडे 'टाक'.

"हे तर माझं आहे," आई म्हणाली.

"काय तुझं?"

"वाक्य. ज्येष्ठात तो ह्याच्यापुढे बसून मला विचारायचा, आई, आपल्यात सेव्हला काय म्हणू? मी भात काढत होते. म्हटलं, मी रोज रात्री उरलेल्या भाताचं विचारते ना, ठेवू का टाकू, तेच लिही. तो हसला. म्हणाला, तुला वाचता येईल असा करतोय सगळा." मग तिने माझ्याकडे बघितलं. "तो विचारतोय ठेवू का टाकू. आणि तू काय म्हणतोस?"

"टाक," मी म्हणालो.

"रोज?"

"रोज. दादानेच सांगितलं होतं, उजवीकडचं दाब म्हणून!"

"का सांगितलं होतं?"

आणि तेव्हा मला तो सगळा तासाभराचा धडा आठवला, सहा महिने उशिरा. दादा म्हणाला होता, "ही सीडीवरून चालते, म्हणून तुला हात लावू देतो, मन्या. तू दिवसभर कितीही गोंधळ घाल. बंद करताना 'ठेव' म्हटलं नाही की ती सगळं विसरते, सकाळी पुन्हा कोरी. तुझ्यासारख्यासाठी ह्याच्याइतकी चांगली वस्तू जगात नाही."

मी ते सगळ्यांसमोर सांगितलं. मग आईच्या हातातला झारा हलायला लागला. मला वाटलं रडतेय. हसत होती! दादा गेल्यानंतर पहिल्यांदा, पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

नानाकाका मात्र आधी सावध झाले. "म्हणजे इच्छाबिच्छा काही नव्हती! मग ते कुलपाचं..."

"आणि मिक्सर..." आत्या म्हणाली.

आईने पदराने डोळे पुसले. "भाऊजी, शब्द कोणाला दिलात? डब्याला का सुहासला?" भिंतीवर दादाचा फोटो होता. काका वर बघेनात. "मन्या, ते 'लिहायचं' उघड. मी सांगते तसं लिही."

मी ते चिकटवलेले कागद शोधत शोधत लिहिलं. 'भाऊजी कुलूप काढणार. कुंदाताई मिक्सर आणणार.' गुरुजी म्हणाले, माझं झालेलं आहे, माझं लिहू नका. आई म्हणाली, "आणि शेवटचं. मन्या दहावीला बसणार."

"आई, ते मी भरात..."

"लिही."

लिहिलं. 'बंद कर' दाबलं. आईने स्वतःचं बोट, तळणाच्या तेलाचं, माझ्या बोटावर ठेवलं आणि आम्ही दोघांनी मिळून डावीकडचं बटण दाबलं. ठेव.

चालू केला. चार मिनिटं. मराठी! दर्शन रिकामा टेम्पो घेऊन गेला. बरोबर वडे दिले त्याला.

दुसऱ्या दिवशी कुलूप निघालं. मिक्सर आला, झाकणाशिवाय, पण आला. आता यादीत माझीच ओळ उरली. मी विचार केला, दादा तर कंप्युटरमध्ये नाही. कावळा जेवून गेलाय. कंप्युटर घरात राहिलाय. मग हे गणित कशाला? आई चाफा काढायला वाडीत गेली तशी मी यादी उघडली आणि शेवटची ओळ पुसली. छान, कोरी झाली. सुटलो म्हटलं! 'बंद कर' दाबलं. चौकट आली.

दुपारी आईने यादी उघडली. ती आता रोज उघडते, अक्षराला अक्षर लावून वाचते. मी जेवत होतो.

"मन्या," ती आतून म्हणाली, "तुझं अजून आहे हो इथे."

"कसं असेल? मी सकाळीच..." आणि माझा घास हातातच राहिला.

सकाळी चौकट आल्यावर मी डोळे मिटून उजवीकडचं बटण दाबलं होतं.

सतरा नंबरचा फॉर्म भरून झालाय. गणितासकट.